चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

चिंचेचा वास आला की ते प्रकरण मला आजही आठवतं. तेव्हा मी इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनजवळच्या एका ठाण्यात शस्त्रपरवाना विभागात सार्जंट होतो. एका सकाळी फोनवर खबर आली. शेजारच्या बागेत एक म्हातारी चादरीवर गोळ्या वाळवते आहे आणि गॅरेजमध्ये दोन दिवस ठोकाठोकी चालली आहे, असं एक गृहस्थ सांगत होते. मी नोंद केली आणि निघालो.

घर एका मराठी डॉक्टरांचं. रायफलचा परवाना रीतसर. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जमवून त्या पुन्हा भरायचा त्यांना नाद होता. परवानाधारकाला इथे ते चालतं. गोळी सुटली की पुंगळी किंचित फुगते. मग तिला वंगण लावून, साच्यात दाबून मूळ मापावर आणावं लागतं.

माझं आडनाव ख्रिस्ती असल्यामुळे मी मराठी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही इंग्रजीच चालू ठेवलं. चौकशीत अज्ञान फार कामाला येतं.

ठोकाठोकीचा उलगडा लगेच झाला. वंगणाचा डबा संपला म्हणून डॉक्टरांनी घरचं साजूक तूप लावलं होतं आणि पुंगळी साच्यात घट्ट रुतली होती. पुण्याहून आलेल्या त्यांच्या आई मागून मराठीत म्हणाल्या, "माझ्या तुपाला नाव ठेवू नकोस. हात आखडता घेतलास तू."

बागेत पुंगळ्या नुसत्या लखलखत होत्या. देवाची भांडी घासताना आईंनी त्याही चिंचेने घासल्या होत्या. मी मोजल्या, सत्तेचाळीस निघाल्या. रुतलेली धरून अठ्ठेचाळीस. डॉक्टरांच्या वहीत एक्कावन्न.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. रिकामी पुंगळी घरात असणं हा गुन्हा नाही, पण त्या तीन भरलेल्या असून कुलपाबाहेर असत्या तर परवाना त्याच दिवशी गेला असता. शिवाय हॉस्पिटलमध्ये प्रश्न विचारले गेले असते ते वेगळेच.

"त्याला काही बोलू नकोस," आई पुटपुटल्या. "चहा दे, जाईल तो."

"चहा घेतो आई, साखर कमी घाला," मी मराठीत म्हणालो. "आणि त्या तीन पुंगळ्या आणा."

"अगं बाई, आपलेच का तुम्ही? मग आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी बॅग उघडली. चॉकलेटांच्या खाली, रुमालात गुंडाळलेल्या तीन पुंगळ्या निघाल्या. "उदबत्ती अगदी बरोबर बसते हो यात. तिघी बहिणींना देणार होते. उद्याच निघतेय."

डॉक्टरांनी बॅग आपल्याकडे ओढली. "आई, एअरपोर्टवर सिक्युरिटीने तुला धरून ठेवलं असतं."

"रिकाम्या आहेत की."

"ते तू स्कॅनरला सांगणार होतीस?"

मी तिन्ही तपासल्या. रिकाम्याच होत्या, एकीला चंदनाचा वास होता. अहवालात लिहिलं, तक्रारीत तथ्य नाही. मनात मात्र त्या शेजाऱ्यांचे आभार मानले. आईंनी जाण्यापूर्वी त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिल्याचं पुढे कळलं.

नोकरीत लपवाछपवी करणारे पुष्कळ पाहिले. गुन्हेगार घाबरतो आणि सापडतो. प्रेमाने लपवणारं माणूस घाबरतच नाही, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. त्यानंतर कुठल्याही मराठी घरी परवान्याच्या तपासणीला गेलो की कपाट, कुलूप, किल्ली पाहून झाल्यावर मी एक प्रश्न जादा विचारायचो: "आई कधी येणार आहेत?"