राखण कोणाची होती

आत्याला हे माहीत नाही. माझ्या बायकोलाही नाही. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या परागला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. लिहिताना इकडचं तिकडे होईल.

माझं गाव हिंगोलीकडचं. आत्याचं लग्न झालं तेव्हा मामा, म्हणजे तिचे यजमान, आमच्या भागात नोकरीला होते. पुढे ते रत्नागिरीला परतले, मिरजोळ्याच्या पुढे त्यांची आंब्याची बाग आहे तिथे. आमच्या घरी खाणारी तोंडं जास्त, म्हणून मी सहावीत असताना आत्या मला इकडे घेऊन आली. तेव्हापासून या घरचं खातोय. ताटात कधी काही कमी पडलं नाही. दिवाळीला परागला जो शर्ट, तोच मला. हे मी विसरलेलो नाही. पण खरं सांगू? कपडे सारखे असले की बाकीचा फरक जास्तच दिसतो.

पराग आत्याचा मुलगा, माझ्याहून वर्षाने लहान. तो आठवीत गेला तेव्हा मामांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्याने कुठल्याशा मित्राकडून तो खेळ आणला. किल्ले, ड्रॅगन, जादूगार, सोन्याच्या खाणी. जिथे आपण गेलो नाही तो सगळा मुलूख काळा. आपला घोडेस्वार पुढे सरकला की काळोख फाटत जायचा. दोघांनी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचं आणि एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. मे महिना होता, बागेत वानरांची राखण आम्हा दोघांवर. परागने डोकं लढवलं — जो खेळत नाही त्याने पत्र्याचा डबा घेऊन बागेत फेरी मारायची. तो खेळेल तेव्हा राखण माझी, मी खेळेन तेव्हा त्याची. मामा एकदम खूश. आल्यागेल्याला सांगायचे, "पोरं बघा कशी वाटून घेतात!"

मी त्याच्यावर जळायचो. कॉम्प्युटरसाठी? नाही, तो मलाही मिळायचाच. पण त्याचा किल्ला पडला तरी तो खो खो हसायचा. माझी एक खाण गेली की मी दिवसभर तेच धरून बसायचो. हरूनही हसणं — ते ज्याचं घर असतं त्यालाच जमतं, नाही का?

आणि आणखी एक. सांगायला लाज वाटते. मला मामांच्या शिव्यांचा हेवा वाटायचा. परागला ते 'मेल्या' म्हणायचे, कान पिळायचे आणि संध्याकाळी त्याच्याच खांद्यावर हात टाकून मांडवीच्या जेटीवर चालायचे. मी शेजारून. मला कधी शिवी नाही, कधी धपाटा नाही. माझं नाव बाला, पण त्यांचा मी 'बाळा'. पाहुण्याच्या पोराला म्हणतात तसा. शिव्यांसाठी झुरणारं पोर तुम्ही पाहिलंय कधी?

विहिरीजवळ पायरी आंब्याचं एक झाड होतं. मामांच्या आईने लावलेलं. त्याचे आंबे विकायचे नाहीत — पहिले देवाला, मग लेकीसुनांच्या घरी. हापूस उतरवून झाला होता, त्या झाडावरची फळं तेवढी राहिली होती.

त्या दुपारी मी हरत आलो होतो. परागची लाल फौज माझ्या शेवटच्या किल्ल्याच्या दारात. त्याची खेळी सुरू झाली आणि मी डबा घेऊन बाहेर पडलो. गडग्याजवळ, बागेच्या दगडी कुंपणाशी पोचलो तर फणसावरून वानरं उतरत होती. कळपच. एक मोठा हुप्प्या पायरीच्या फांदीवर जाऊन बसलासुद्धा. माझ्या हातात डबा होता, काठी होती. एक दणका पुरे होता.

मी वाजवला नाही.

भीती वाटली म्हणू? नाही वाटली. विसरलो म्हणू? मी उभा होतो, बघत होतो आणि मनात सरळ विचार आला — आता याची खेळी संपेल, मग राखण याची. डबा आवाज न करता घराच्या दारात ठेवला आणि आत गेलो.

"सगळं शांत आहे," मी म्हणालो. "जा, तुझी पाळी."

तो चपला घालायला वळला. तेव्हा मी त्याला हाक मारली. हेच मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही — मी हाक मारली. "थांब की जरा. किल्ला कसा वाचवू ते तरी सांग."

आणि तो थांबला. खुर्चीच्या पाठीला टेकून मला शिकवत बसला. स्वतःच्याच फौजेविरुद्ध! "धनुर्धारी मागे ठेव, बाला. भिंतीबाहेर नको जाऊस. घाई कसली तुला?" मी मुद्दाम सावकाश खेळत होतो. मधूनमधून पुन्हा विचारत होतो.

मग बाहेरून मामांची हाळी आली. आम्ही धावलो. झाडाखाली अर्धवट खाल्लेल्या आंब्यांचा सडा, फांद्या मोडलेल्या. मामांनी एक मोडकी फांदी बाजूला सारली. मग विचारलं, "राखण कोणाची होती?"

मी म्हणालो, "परागची."

यात खोटं एक अक्षरसुद्धा नव्हतं. पराग माझ्याकडे बघेल म्हणून मी मान खाली घातली होती, पण तो झाडाकडे बघत होता. "मेल्या, आजीचं झाड नागवं होतंय आणि तू आत माऊस फिरवतोयस?" मामांचा हात त्याच्यावर तसा कधीच पडला नव्हता. कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी घरातून गेला. मला मात्र त्याही वेळी म्हणाले, "बाळा, तू आत जा. जेवून घे." आणि मी जेवलो.

त्यानंतर मामांनी बागेतलं काही परागवर सोपवलं नाही. सुट्टीत हौसेने तो झाडावर चढला तरी "उतर, तुझं काम नव्हे ते." मी नववीत नापास झालो, शाळा सुटली, परत हिंगोलीला पाठवतील या धास्तीने झोप उडाली होती — तर मामांनी बागेतल्या मांगराची, म्हणजे आंबे-अवजारं ठेवायच्या खोपीची, किल्ली माझ्या हातात दिली. "तू राखशील," म्हणाले. माझं लग्न, डोक्यावरचं छप्पर, बाजारात मिळणारा मान, सगळं त्या किल्लीच्या मागून आलं. मी रोज देवापुढे मामांचं नाव घेतो. ते खोटं नाही.

यंदाच्या मेमध्ये पराग पुण्याहून लेकीला घेऊन आला. लॅपटॉपवर तोच जुना खेळ, पुन्हा विकत घेतलेला. पडवीत बसून आम्ही तिघं खेळलो. केवढासा मुलूख तो! एकेकाळी मी त्या काळोखाला टरकायचो. बोटांना मात्र सगळं आठवत होतं, आणि परागची लाल फौज जवळ आली तसा मी पडद्याला नाक लावून बसलो. इतक्या वर्षांनी, या वयात.

"बालाकाका, तुम्ही एवढे सिरीयस का होता?" पोरगी म्हणाली.

पराग हसला आणि तिला गोष्ट सांगू लागला. "याच खेळापायी मी राखण सोडून बसलो होतो. आजोबांनी असा धुतलाय मला! चूक माझीच होती पण." मी त्याच्या चेहऱ्यावर काही शोधत होतो, टोमणा, निदान शंका. काही नव्हतं. माझी हाक त्याला आठवतही नव्हती. इतकी वर्षं तो ती चूक स्वतःचीच समजून वागवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो असताना तो मामांना म्हणाला, "बाबा, नोकरीत मन लागत नाही. इथे येऊन बाग बघू का? बालाबरोबर?"

मामा आता थकलेत, पण जीभ तीच आहे. "एक झाड राखवलं नाही तुला." आत्या हसली. परागही हसला, मग बशीकडे बघत राहिला. आयुष्यात त्याला काही इतक्या हळू आवाजात मागताना मी पाहिलं नव्हतं. आणि मला काय वाटलं असेल? याला अजून मागता येतं! वीसेक वर्षं मी ज्या कलमांखाली राबलो, त्यांच्यात यायला याला 'बघू का' एवढंच म्हणावं लागतं.

"याला विचार," मामा माझ्याकडे हात करून म्हणाले. "हा म्हणत असेल तर ये."

सगळे माझ्याकडे बघत होते. परागसुद्धा, आशेने.

मी म्हणालो, "इथे काय आहे रे? तिकडे बरं चाललंय तुझं."

"खरंय," तो म्हणाला. दोन दिवसांनी गेला.

काल त्याचा फोन आला होता. आवाज उतरलेला होता, नोकरीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "बाबांकडे लक्ष ठेव. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी हो म्हणालो. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं, थोडं नंतर. पण फोन ठेवला तेव्हा आधी मला त्याच्या निर्धास्तपणाचाच हेवा वाटला.