मोबाइलमधल्या पाहुणीचा चहा

मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं आणि आम्ही त्यांना मंगळवेढ्याहून सोलापूरला आमच्याकडे आणलं. दवाखान्यातून सोडताना सांगितलं, आता व्यायाम घरीच; फिजिओथेरपीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर शिकवतील. मला वाटलं, बरं झालं, रिक्षा वाचली. माझी अक्कल तेवढीच धावते.

पाय सुधारला, भिंत धरून चालू लागले. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच. आणि ‘डाव्या हातानं अन्नाला शिवायचं न्हाय’ हा मामांचा कायदा. मी भरवायला गेले की तोंड मिटून भिंतीकडे. सुनेच्या हातचा घास? त्यापेक्षा उपास बरा. संध्याकाळी त्यांचा लेक घरी आला की त्याच्या हातून चार घास जायचे, तेवढेच. सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

म्हणजे हात चालायलाच हवा होता. मॅडमनी टेबलावर टॉवेल अंथरून त्यावरून हात पुढं सरकवायला सांगितला.

“मला टेबल पुसायला बशिवलंय व्हय?” मामा म्हणाले आणि हात मांडीवरच राहिला.

मोबाइल मी शेंगाचटणीच्या बरणीला टेकवायची. तो घसरायचा.

“ताई, मला पंखा दिसतोय.”

“आता?”

“आता तुमचं बोट. आणि आजोबांचा खांदा वर येऊ देऊ नका.”

खांदा, मोबाइल आणि डोकं, तिन्ही धरायचं आणि हात दोनच. आधी डोकं सुटायचं.

मामांना काळजी वेगळीच. “बाई कवाच्या बसल्यात. च्या दिला का न्हाय?”

“मामा, त्या तिकडं दवाखान्यात बसल्यात.”

“मग? तितं त्यास्नी तोंड न्हाय का? इचारायचं तरी असतंय की!”

प्रत्येक कॉलला हेच. एके दिवशी मी वैतागून कपबशी आणून मोबाइलपुढं आदळली. “घ्या! दिला चहा!”

“असा देत्यात व्हय पावण्याला?” मामांनी बशी नीट पुढं करायला डावा हात उचलला आणि तो तसाच थांबला. पाहुण्याला डाव्या हातानं कसं द्यायचं? मग मांडीवरचा उजवा हलला. खांदा वर आला, ओठ वाकडा झाला, पण हात टेबलावर चढला, बोटांनी बशीची कड धरली आणि बशी सरकायला लागली. मॅडम खांद्यावरून टोकायचं विसरल्या. मीही मध्ये हात घातला नाही, यावर घरात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

बशी बरणीवर, बरणी मोबाइलवर, चहा सगळ्यांवर.

“ताई! मला काही दिसेना! बोटं उघडली का? धरण्यापेक्षा सोडणं अवघड असतं, दाखवा ना!”

मी पाठ फिरवून पदरानं मोबाइल पुसत होते. ज्यासाठी इतके दिवस घसा कोरडा केला, ते माझ्या पाठीमागं झालं. वळले तर बशी टेबलावर, आणि तिच्याशेजारी मामांचा हात, बोटं सुटी.

“सांडला की,” मामा म्हणाले. “दुसरा टाक.”

आता प्रत्येक कॉलला मॅडमचा कप ठरलेला. त्याही तिकडून “द्या आजोबा” म्हणतात. तो गार चहा कोण पितं, हे विचारू नका. ताट उजवीकडं मांडते, मामा आपल्या हातानं जेवतात. आमटीत कुस्करलेली भाकरी निम्मी तोंडात, निम्मी सदऱ्यावर. मध्ये एकदा न राहवून मी भरवायला चमचा उचलला.

“ठिव त्यो खाली.”

ठेवला. त्यांचं जेवण उरकेपर्यंत भांडी खोळंबतात, माझी दुपारची झोप गेली ती गेलीच, आणि धुवायला रोज एक सदरा जास्त.