हाताने बदल करू नयेत

नेवाशाच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो तेव्हा लॅबमध्ये धड चालणारं मशीन एकच होतं. बाकीची चार जुनाट, अडगळीत पडलेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याच्या मित्राने लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमची, सीडी दिली आणि कळलं, की ही चार म्हातारी वायरने त्या एका मशीनला जोडली तर पाचही जागी मुलं बसू शकतात. एरवी एक जण कीबोर्डवर, बाकीचे त्याच्या पाठीमागे उभे. मुली तर कायम शेवटी. शिंगणापूरकडच्या वस्तीवरून एसटीने येणारी एक मुलगी वर्षभर नुसती मान उंचावून बघत होती. स्वतःच्या कीबोर्डवर पहिल्यांदा बसली तेव्हा तिने आपलं नाव टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. मला फार बरं वाटलं.

त्यासाठी एका फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या होत्या. लिहिल्या. दुपारी लाईट गेली, आली, आणि ओळी गायब. सेटिंग सांभाळणारा एक प्रोग्राम मशीन सुरू होताना ती फाइल स्वतःच्या मनाने नव्याने लिहायचा. फाइलच्या डोक्यावर तशी पाटीच होती: हाताने बदल करू नयेत, टिकणार नाहीत. अरे, मशीन आमचं, पासवर्ड माझा, आणि दम मलाच? फाइलला कुलूप लावलं, त्याने जुमानलं नाही. ओळी आपोआप परत घालायची सोय केली, तर ती जागाही त्याच्याच ताब्यातली निघाली. शेवटी त्यालाच काढून टाकलं, तर मशीन सुरू व्हायलाच तयार नाही. निमूटपणे परत बसवलं.

मित्राला फोन केला. "आमच्याकडे मशीन महिनोन् महिने बंदच होत नाही," तो म्हणाला. "यूपीएस घे ना." इथे कॉलेजात खडूची मारामार!

आमच्याकडे लाईट एका तासात दोनदा जायची. "सर, आमचं परत गेलं," म्हाताऱ्या मशीनवरची मुलं उठून ओरडायची. मी परत ओळी लिहायला बसायचो आणि तास संपायचा. माझा जीव मेटाकुटीला आला.

परीक्षा जवळ आल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. "सर, पोरांचं नुकसान होतंय. पहिल्यासारखं करून टाका." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी सगळं पुसलं आणि शिपायाने चारही मशीनं उचलून अडगळीत नेली.

पुढच्या तासाला ती मुलगी न सांगता मागे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "ये, आज तू बस."

"ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली. "लाईट गेली की उठावंच लागतंय."