पडद्यावर दिसलेली लेक

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांसमोर आधी गुन्हा येत नाही. हवेत तरंगणारी कांद्याची गुलाबी टरफलं येतात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. काही हौशी मंडळींनी बोलीभाषांतल्या छोट्या चित्रपटांची स्पर्धा भरवली होती. एके दुपारी त्यांचे आयोजक धापा टाकत आले. एका स्पर्धकाची कॅसेट चोरीला गेली होती.

"साहेब, दुसरी प्रत नाही. उद्या परीक्षक बघणार आहेत. पोरानं जीव ओतलाय त्यात."

ठाणे अंमलदाराला तक्रार घ्यायला सांगून मी सभागृहावर गेलो. दाराशी बसलेल्या गजरेवाल्या बाईंनी खबर दिली.

"मधल्या सुट्टीत एक बाई बाहेर आली. पदराखाली कायतरी धरलं होतं. रडत होती अन् हसत पण होती. सुरगाण्याची गाडी कुठं लागते, विचारत होती."

चोरी करून पळणारा माणूस हसत-रडत रस्ता विचारत नाही. मी महिला शिपायाला घेऊन बसस्थानकावर गेलो. बाई बाकावर बसली होती, कॅसेट मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही.

ठाण्यात तिनं कॅसेट हातातून सोडली नाही. दरडावून उपयोग नव्हता. महिला शिपायानं चहा पुढे केला आणि नुसती शेजारी बसून राहिली. मग बाई बोलली.

"माझी पोर हाय हिच्यात."

तिच्या पाड्यावरच्या गाण्यांचा एक चित्रपट स्पर्धेत होता, म्हणून गावातल्या बायांबरोबर ती आली होती. त्याच्यामागून दुसरा चित्रपट लागला आणि त्यात तिची लेक दिसली; मधल्या सुट्टीत तिनं यंत्रापाशी ठेवलेली ती कॅसेट उचलली. द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला गेलेली ती मुलगी परतलीच नव्हती.

"मग कॅसेट का घेतलीस?"

"तिच्या बापाला दाखवाया. तो म्हनतो, पोर मेली. नाव काढू देत नाय घरात."

आम्ही कॅसेट घेऊन सभागृहात गेलो. दिवे मालवले. पडद्यावर कांद्याचं खळं, उन्हात बसून कांदे निवडणाऱ्या बाया. वारा सुटला आणि टरफलं पाकळ्यांसारखी उडाली. त्या गुलाबी धुरळ्यात पाठमोऱ्या मुलीनं कोपरानं कपाळावरचे केस मागे सारले. चेहरा अजून दिसला नव्हता, तोच बाई पुटपुटली, "हीच." मुलगी वळली आणि क्षणभर थेट आमच्याकडे पाहून हसली.

चित्रपट करणाऱ्या मुलानं ठिकाण सांगितलं: विंचूर. सुरगाण्याला बिनतारी संदेश पाठवून बाईनं नवऱ्याच्या नकळत तिथे दिलेली हरवल्याची नोंद पडताळली आणि दुसऱ्या सकाळी बाईला जीपमध्ये घेऊन निघालो.

मुलगी त्याच खळ्यावर होती. तिनं एका टेम्पोचालकाशी लग्न केलं होतं. सज्ञान होती, सुखात होती. फक्त बापाच्या भीतीनं गप्प राहिली होती. आईला पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"बा आलाय?"

"नाय. मीच."

मुलगी तिथेच खाली बसली. बाई तिच्याजवळ जाऊन बसली. लेकीच्या केसांत अडकलेली टरफलं एकेक करून काढत राहिली. आम्ही जीपपाशी थांबलो.

आयोजकांनी तक्रार मागे घेतली. चित्रपट परीक्षकांनी पाहिला; बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं.

ठाण्यात परतल्यावर मी सुरगाण्याहून आलेलं त्या मुलीचं वर्णन पुन्हा वाचलं. रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची मध्यम. या वर्णनावर आम्ही जन्मभर शोधलं असतं तरी ती सापडली नसती. त्यानंतर हरवलेल्या माणसाचे नातेवाईक समोर आले, की रंग-उंची लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "ती हसते कशी? चालते कशी?" रडणारी माणसं तेवढ्यापुरती थांबत, आठवू लागत, आणि उठून तशी चालून दाखवत.