स्थानकात उठताना

माणूस मोठ्या आजारातून बाहेर आला की लोक म्हणतात, वाचलास, नशीब. मलाही तेच म्हणाले. पण वाचली होती ती फुप्फुसं. न्यूमोनियानं मला पुण्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि त्या आडवं पडण्यात हातापायांचं मांस कुठं गेलं देव जाणे. घरी जुन्नरला आलो तेव्हा पाण्याचा तांब्या उचलत नव्हता. बायको भरवायची आणि मी तिच्यावरच चिडायचो.

पुढं वॉकर आला, मग काठी. खुर्चीवरून उठायला लागलो. अडलं ते जमिनीवरून उठण्यापाशी. आमचं कापडाचं दुकान जुन्या पद्धतीचं. पांढरी गादी अंथरलेली, गिऱ्हाईक समोर बसणार, मी कापड उलगडणार, पुन्हा उठून फळीवरचं दुसरं काढणार. दिवसभर नुसती ऊठबस. पुण्यातल्या मुलानं सरळ अट घातली. "पप्पा, जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठून दाखवा, मग दुकान उघडा. नाहीतर ते भाड्यानं देऊ आणि तुम्ही दोघं इकडं या." त्याच्या आठव्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजणार होतो?

घाटघरचं एक जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं. म्हणालं, "शेठ, पोरीचा बस्ता तुमच्याच गादीवर बांधायचा हाय. आमी दुसरीकडं जानार नाय. पन आता लवकर उठा राव." त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मी ढसाढसा रडलो. दुकान गेलं तर मी कोण, हेच मला कळत नव्हतं.

व्यायाम करवून घ्यायला फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज यायची. कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढं रोवा, हातानं मांडी दाबा, उठा. सगळं जमायचं, शेवटचं तेवढं सोडून. ऐनवेळी मांडी थरथरायची आणि मी तिचा खांदा पकडायचो. "काका, मी शेजारी आहे म्हणून तुम्ही सोडून देता," ती म्हणायची. मला तिचा भयंकर राग यायचा.

अशात एकदा स्थानकात, म्हणजे आम्हा जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, आल्याचं कळलं. मी हट्टानं बायकोबरोबर गेलो. "खुर्चीवरूनच हात जोडा हं," तिनं वाटेत दहादा बजावलं. आम्ही आत पाऊल टाकतोय तोच तिच्या पर्समधला फोन वाजला. स्थानकात फोन चालत नाही. ती ओशाळून तशीच रस्त्यावर पळाली आणि मी एकटा पुढं झालो. समोर पाटावर थोरल्या महासतीजी, बाजूला दोघी धाकट्या. आता जन्माची सवय अशी, की महासतीजी दिसल्या की गुडघे आपोआप टेकतात. काठी ठेवली, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. वंदना तीनदा करायची असते, दर वेळी उठून. मी पहिलीलाच खाली राहिलो.

आणि गंमत बघा, समोर तिघी जणी, पण एकीलाही मला हात देता येत नाही. साध्वी पुरुषाला बोटानंही शिवत नाहीत. धाकट्यांपैकी एक चटकन पुढं आल्या आणि जागीच थांबल्या. जेवणाची वेळ, स्थानकात दुसरं चिटपाखरू नाही.

"बाहेरून कुणाला बोलावते," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक.

थोरल्या महासतीजी म्हणाल्या, "सावकाश, भाऊ. आम्हाला कुठं जायचंय?"

गुडघ्यांवर आलो. एक पाऊल पुढं रोवलं. मांडी थरथरायला लागली. पकडायला खांदाच नव्हता. मग मांडीवर हात दाबला, दातओठ खाल्ले, आणि कंबर वर जाते आहे हे मलाच जाणवलं. गेली, गेली, पाठ सरळ झाली आणि मी उभा! टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण तोंडावर बांधलेल्या पांढऱ्या मुहपत्तीच्या वर सहाच्या सहा डोळे हसत होते. मला इतका आनंद झाला की उरलेल्या दोन वंदना उभ्या उभ्याच हात जोडून उरकल्या आणि काठी तिथंच टाकून बाहेर निघालो.

बायको पायरीपाशी फोनवर बोलत होती. पलीकडं मुलगाच होता. मला काठीशिवाय बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"उठलो रे. जमिनीवरून."

"कुणी उठवलं?"

"कुणी नाही. आई तुझ्याशीच बोलत होती. आत फक्त महासतीजी होत्या."

आमच्याच घरात वाढलेला पोरगा, त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. म्हणाला, "पप्पा, दुकानाची किल्ली घरात शोधू नका. मी गुपचूप इकडं आणली होती. आत्ता निघतो, संध्याकाळी तुमच्या हातात देतो."