म्बा तुकिनाच्या तोंडावर पाय

शेजारच्या हॉटेलने खोल बोअर मारली आणि योग्याकार्ता शहरातल्या म्बा तुकिनाची, म्हणजे तुकिनाआजीची, विहीर आटली. शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेली पालेभाजी विकून म्हातारीने जन्म काढला. आता पाला धुवायलासुद्धा विकतचं पाणी. हॉटेलवाल्यांनी मोठ्या मनाने गल्लीतली घरं फुकट रंगवून द्यायचं कबूल केलं. पाणी मागितलं की रंग दाखवायचे, असा त्यांचा न्याय! गल्लीप्रमुख सुराजी त्यावर खूश होते. म्बाने मात्र रंगारी दारातूनच परत पाठवले.

तिच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या चित्रकार पोरापोरींनी मग हॉटेलसमोर लावायला एक भलंमोठं कापड छापायचं ठरवलं. लाकडी फळीवर चित्र कोरायचं, शाई फासायची, वर कापड पसरायचं आणि साऱ्या गल्लीने त्यावर नाचून छाप उठवायचा, ही त्यांची रीत. यंत्र त्यांना परवडत नाही, पाय मात्र सगळ्यांकडे असतात. वेनिंग नावाच्या पोरीने फळीवर म्बाचाच चेहरा कोरला.

रविवारी सकाळी गाणी लागली, गल्ली जमली, शाईवर कापड पसरलं. आणि कुणी पुढे येईना. थोरांच्या समोरून जातानासुद्धा कंबरेत वाकणारी ही माणसं, ती म्हातारीच्या तोंडावर पाय कसा देतील? वेनिंग याच गावची, कलाशाळेत शिकलेली, पण एवढं काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सुराजींना आयतंच निमित्त मिळालं. हे पाप आहे, फळी उचला आणि घरी जा, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. बायका चपला शोधू लागल्या. खाली शाई वाळत चालली होती.

म्बा उठली. तिने नेसूचं वर खोचलं, चपला काढल्या आणि सरळ स्वतःच्या तोंडावर जाऊन उभी राहिली.

"सुराजी, माझी विहीर आटवली तेव्हा कुठं गेलं होतं रे तुझं पाप?" मग ती बायकांकडे वळली. "तोंड माझं आहे आणि मीच उभी आहे ना त्यावर? या की गं. आणि जोरात नाचा, नाक नीट उठलं पाहिजे."

बायका खुदकन हसल्या. आधी शेजारीण आली, मग तिची सून, मग फळीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सुराजी तेवढे कडेला उभे राहिले.

दुपारी कापड हॉटेलच्या दारासमोर, म्बाच्या भिंतीवर चढलं. हॉटेलचा व्यवस्थापक हात जोडून आला. पाहुण्यांना बरं दिसत नाही, अजून किती दिवस ठेवणार, असं त्याने विचारलं.

म्बा पाला निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"विहिरीला पाणी आलं की काढते."