पुकारा ऐकू येणारी खोली

ठाण्याच्या बाजारात अशी बोलवा आहे की रंगूमावशी वकिलाची पगडी बघून खोलीचं भाडं सांगते. जरीची पगडी, जरीचं भाडं. साफ खोटं. आमच्या शेजारच्या या विधवा बाईनं आजवर भाडं ठरवलं ते पट्टेवाल्याच्या आवाजावर.

तिचं घर दिवाणी कचेरीसमोर. आगगाडी आल्यापासून कल्याणचेही वकील इथं खोल्या शोधत. पट्टेवाला महिपत पायरीवर येऊन आधी खोके, मग नाकातून पुकारा करी, "धाकू वल्द पंढरी हाऽजिर हैऽ?" पुकाऱ्याला कुणी उभं राहिलं नाही तर दावा गेला. म्हणून मावशी नव्या भाडेकरूला खोलीखोलीत बसवून कान द्यायला लावी. नाव स्वच्छ ऐकू आलं त्या खोलीला भाडं सगळ्यांत जास्त. नुसतं "हाऽजिर" पोचलं तिथं कमी. मागच्या खोलीत कावळेच ऐकू येत, तिथं ती नारळ ठेवी.

मग सरकारनं कचेरी तळ्यापलीकडे नव्या इमारतीत नेली. महिपतही गेला, खोकल्यासकट. वकील एकेक करून उठले. उरले म्हातारे सहदेवराव. मावशीनं भाडं निम्म्यावर आणलं, तर ते हळहळून म्हणाले, "बाई, स्वस्ताई घेऊन अशिलाला काय सांगू?" ते गेले की घर रिकामं आणि चूलही थंड.

मला महिपत असा जमतो की त्याची बायकोसुद्धा ओ देते. मी मावशीला म्हटलं, मी तळ्याकाठी उभा राहतो, पलीकडून पुकारा आला की तस्साच इकडे करतो. सहदेवराव राहतात की नाही, लाव पैज. हरलो तर महिनाभर नक्कल बंद.

"पुकारा तळं ओलांडेल रे," मावशी म्हणाली. "त्यांचे पाय कसे ओलांडणार?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सहदेवरावांच्या अशिलाचं, धाकूचं नाव आलं. मी खोकल्यासकट पुकारा केला. सहदेवराव पगडी सावरत निघाले, तळ्याला वळसा घालून धापा टाकत पोचले, तोवर दावा काढून टाकलेला. वकिलाशिवाय आत जायला भ्यालेला धाकू पायरीवर बसून होता.

आठवड्यानं सहदेवरावांनी बैठक गुंडाळली. उंबऱ्यावर थांबून मला म्हणाले, "जाता जाता एकदा महिपत होऊन जाऊ दे."

मी मावशीकडे पाहिलं. ती पुढच्या खोलीत नारळ आणून ठेवत होती. मी तोंड मिटून घेतलं. पैज हरलो होतो.